फाळ कुणाचा?

कडेगावच्या दक्षिणेला, कुंडलजवळच्या माळावर 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगरांचा कारखाना घातला. जागा औंध संस्थानची, रेल्वे स्टेशन तेव्हाचे कुंडल रोड. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे शेतकऱ्यांना वाटे आणि किर्लोस्करांनी तो समज मोडला, अशी ही कथा सहसा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळी होते. लाकडी नांगराचा फाळ बोथटला की गावचा लोहार तो भट्टीत तापवून, ठोकून शेवटत असे, मोबदला बलुत्यात. विलायती नांगराचा फाळ बिडाचा. इंग्लंडात रॅन्समने 1803 साली पेटंट घेतलेल्या रीतीने ओतलेल्या फाळाची खालची बाजू चटकन थंड करून कठीण केलेली असे. वरची मऊ बाजू आधी झिजे, म्हणून धार आपोआप टिके. मात्र तो झिजून संपला की नवाच हवा, आणि तो मिळायचा सातासमुद्रापार!

लोहाराला तो करता आला नसता का? घडीव लोखंडाचा फाळ त्याने बसवलाही असता, पण तो लवकर झिजता. बीड ठोकून घडत नाही, फुटते. त्याला ओतशाळाच लागते. किर्लोस्करांचा नांगर स्वस्त म्हणून खपला, हा आक्षेपही अर्धाच खरा. पहिल्या खरेदीत किंमत बोलते. ऐन पेरणीच्या तोंडावर फाळ तुटला, की तो कुठे मिळतो हेच बोलते. माळावरच्या कारखान्यातल्या ओतशाळेचे खरे मोल इथे होते.