व्हेंटिलेटरवरील फुप्फुसाचे मोजमाप

अतिदक्षता विभागात भेटीच्या वेळी आत गेलेल्या नातेवाइकांची नजर मॉनिटरवरील ऑक्सिजनच्या आकड्यावर खिळलेली असते. डॉक्टर मात्र व्हेंटिलेटरच्या पडद्यावर आणखी एक गोष्ट पाहत असतात, ती म्हणजे फुप्फुसात हवा भरण्यासाठी लागणारा दाब. ऑक्सिजनचा आकडा समाधानकारक दिसत असतानाही हा दाब धोक्याची सूचना देऊ शकतो.

नैसर्गिक श्वासात छातीचे स्नायू हवा आत ओढतात, तर व्हेंटिलेटर ती आत ढकलतो. फुगा फुगवताना नळी अरुंद असली तरी जोर लागतो आणि फुगा कडक असला तरीही. फुप्फुसाचेही तसेच आहे. दोष श्वासमार्गात आहे की खुद्द फुप्फुसात, हे ओळखण्यासाठी डॉक्टर श्वास आत गेल्यावर हवेचा प्रवाह सुमारे अर्धा सेकंद रोखून धरतात. प्रवाह थांबला की मार्गातील अडथळ्याचा दाब नाहीसा होतो आणि उरतो तो वायुकोशांवरील दाब. यालाच 'प्लॅटो प्रेशर' म्हणतात. या क्षणी रुग्ण स्वतः श्वासासाठी धडपडत असेल, तर आकडा फसवा ठरतो.

कमाल दाब वाढलेला, पण प्लॅटो प्रेशर कमी असेल, तर नळीतील कफ, नळीला पडलेली मुरड किंवा दम्यासारखे श्वासनलिकांचे आकुंचन यांचा संशय घेतला जातो. दोन्ही दाब वाढले असतील, तर न्यूमोनिया, फुप्फुसात साचलेले पाणी किंवा छातीच्या पोकळीत शिरलेली हवा, अशी कारणे शोधली जातात.

फुप्फुसाची लवचिकताही यातूनच काढता येते. समजा, एका श्वासात ४०० मिलिलिटर हवा दिली. प्लॅटो प्रेशर २५ सेंटिमीटर पाणी आणि उच्छ्वासाअखेर राखलेला दाब ५ आहे. या दोहोंतील फरक, म्हणजे 'ड्रायव्हिंग प्रेशर', २० झाले. ४०० ला २० ने भागले की लवचिकता दर सेंटिमीटरला २० मिलिलिटर येते. निरोगी फुप्फुसात हा आकडा ५० च्या वर असतो.

या गणिताचे मोल २००० मध्ये स्पष्ट झाले. त्यापूर्वी रक्तातील वायूंचे प्रमाण सुधारावे म्हणून मोठे श्वास देण्याची पद्धत होती. तीव्र श्वसन विकारात (एआरडीएस) फुप्फुसाचा बराच भाग निकामी होतो आणि सारी हवा उरलेल्या छोट्या भागावर येते. इटलीचे डॉ. लुसियानो गॅटिनोनी यांनी या भागाला 'बाळफुप्फुस' या अर्थाचे नाव दिले. अमेरिकेत अशा ८६१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात एका गटाला किलोमागे १२ मिलिलिटर, तर दुसऱ्या गटाला ६ मिलिलिटर हवा देऊन प्लॅटो प्रेशर ३० पर्यंत मर्यादित ठेवण्यात आले. पहिल्या गटात ३९.८ टक्के, तर दुसऱ्या गटात ३१ टक्के रुग्ण दगावले. विशेष म्हणजे, सुरुवातीच्या दिवसांत ऑक्सिजनचे प्रमाण मोठे श्वास घेणाऱ्या गटातच अधिक चांगले होते! पुढे २०१५ मध्ये नऊ चाचण्यांतील ३,५६२ रुग्णांच्या नोंदींवरून ड्रायव्हिंग प्रेशरचा जगण्याच्या शक्यतेशी निकटचा संबंध असल्याचे दिसून आले. ते १५ च्या आत ठेवण्याकडे आता डॉक्टरांचा कल असतो.

येथे 'किलो' म्हणजे काट्यावरचे वजन नव्हे. फुप्फुसाचा आकार शरीराच्या उंचीवर ठरतो, चरबीवर नाही. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे वजन ९० किलो असले, तरी हिशेबासाठी ते ६६ किलोच धरले जाते. म्हणजे योग्य श्वास सुमारे ४०० मिलिलिटरचा. प्रत्यक्ष वजन धरले, तर तो ५४० होईल. म्हणूनच महागड्या यंत्राशेजारी साधी मोजपट्टीही असावी लागते. व्हेंटिलेटर प्राण वाचवतो, पण त्याचा प्रत्येक श्वास रुग्णाच्या फुप्फुसाला मानवतो की नाही, हे मोजूनच ठरवावे लागते.