निवडुंगाचा माळ, न खपलेला नांगर आणि औंधचा राजा

मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे. निवांत वाचा.

हल्ली कॉलेजांमधून उद्योजकतेवरची भाषणं जोरात चालू आहेत. वक्ता कुणीही असू दे, दहाव्या मिनिटाला लक्ष्मणराव किर्लोस्कर हजर होतात. जिद्द, स्वदेशी, शून्यातून विश्व, मग टाळ्या. पोरं टाळ्या वाजवून बाहेर येतात आणि बँकेत कर्जाला तारण काय देऊ, हा प्रश्न आपल्याला विचारतात.

म्हणून शंतनुराव किर्लोस्करांचं 'कॅक्टस अँड रोझेस' पुन्हा वाचायला घेतलं. हे आत्मचरित्र 1982 सालचं. शंतनुराव लक्ष्मणरावांचे चिरंजीव, 1926 साली अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनिअर होऊन आलेले, आणि 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी करणारे. त्यामुळे पुस्तकात दोन पिढ्यांचा हिशेब आहे. मुलाने बापाबद्दल लिहिलंय हे ध्यानात ठेवून वाचायचं. पण नीट वाचलं तर भाषणात जे सांगत नाहीत, ते त्या गोष्टीत सगळं आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. व्हायचं होतं चित्रकार. मुंबईला जे. जे. मध्ये गेले आणि तिथं कळलं की डोळ्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत. रंग सुटले, पण रेघ राहिली. यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि व्हीजेटीआयमध्ये मास्तर झाले. तिथल्या वर्कशॉपमध्ये हात काळे करून यंत्रं समजून घेतली. हक्काची बढती डावलून एका युरेशियन माणसाला दिली, तेव्हा नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. तिथं थोरल्या भावाच्या, रामूअण्णांच्या जोडीनं सायकलचं दुकान चालूच होतं. सायकल विकायची आणि गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवायची. गिऱ्हाइकाला वस्तू वापरता आली नाही तर दुसरं गिऱ्हाईक येणार नाही, एवढं साधं गणित. हे आजच्या किती दुकानदारांना कळतं, देव जाणे.

मग कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. आणि इथं थांबायला पाहिजे. तो नांगर खपेना. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली म्हणतात. दोन वर्षं! आज सहा महिन्यांत धंदा चालला नाही तर घरचेच म्हणतात, सोड आता, एमपीएससी दे. शेतकऱ्याला अडाणी म्हणून सोडून देणं सोपं होतं. पण त्याचंही काही चुकत नव्हतं. लाकडी नांगर गावचा सुतार बनवायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा, मजुरी बलुत्यात जायची. लोखंडी नांगराला रोख पैसा लागणार, ओढायला जास्त बैल लागणार. चुकलं तर वर्ष गेलं. नांगर शेवटी पटला तो काळ्या रानातल्या हरळीमुळं. खोल गेलेली हरळी लाकडी नांगराला दाद देत नव्हती, लोखंडी फाळानं ती उपटून वर आली. भाषणानं जे झालं नसतं ते शेजाऱ्याच्या रानानं केलं.

तेवढ्यात बेळगाव नगरपालिकेची नोटीस आली. शहर वाढवायचंय, जागा खाली करा. कारखाना रस्त्यावर. या जागी आजच्या पद्धतीनं गोष्ट सांगितली तर ती इथंच संपते.

ती संपली नाही, कारण औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. आधी औंधला बांधकामाचं काम दिलं. मग कुंडल रोड स्टेशनजवळचा 32 एकरांचा माळ दिला आणि कर्जही दिलं. माळ कसला, निवडुंगाचं आणि सापांचं रान. 10 मार्च 1910 हा किर्लोस्करवाडीचा स्थापना दिवस. राजे स्वतः चित्रकार होते आणि समोरचा माणूस चित्रकार व्हायचा राहिलेला, याचा काही संबंध असेल का, हा माझा आपला उगाच विचार.

सुरुवातीची माणसं बघा. कॉलेजचं शिक्षण अर्धवट सोडलेले, बिनपदवीचे कारागीर, आणि रात्रीच्या राखणीला शिक्षा भोगून आलेले दरोडेखोर. 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' झालं असतं तर अर्धी वाडी गेटबाहेर राहिली असती.

1914 ला महायुद्ध सुरू झालं. विलायती नांगरांची आवक आटली आणि देशी नांगराला मागणी आली. पण त्याच युद्धानं लोखंडही मिळेनासं केलं. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले, हा किस्सा आपल्या भागात म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड झाली. त्याच वर्षी शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, पुढं त्यातूनच 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिकं उभी राहिली. नांगर विकायला निघालेला कारखाना मराठी घराघरांत वाचन घेऊन गेला, हे जगात फार ठिकाणी झालं नसेल.

सगळं गोड नाही. 1948 ला गांधीहत्येनंतरच्या दंगलीत वाडीच्या कारखान्याला आग लावली गेली. शंतनुरावांचा पुढचा सूर सरकारी परवाने आणि बंधनांवर चिडलेला आहे. ती चीड बरीचशी बरोबर आहे. पण इथं माझा आक्षेप आहे. सरकारनं धंद्यात लुडबुड करू नये म्हणणाऱ्या या घराण्याचा पाया एका राज्यकर्त्यानं दिलेल्या जमिनीवर आणि कर्जावर आहे. पंतांनी लुडबुड केली नाही, पाठीशी उभे राहिले. या दोन गोष्टींतला फरक आपल्या पुढाऱ्यांना कुणी समजावून सांगायचा?

आपल्याच पट्ट्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत जाऊन बघा. कित्येक प्लॉट नावावर आहेत, आत बाभळी आहेत. घेतले कुणी, तर ज्यांना कारखाना काढायचाच नव्हता त्यांनी. आणि माझ्या ओळखीतला एक फिटर पोरगा, ज्यानं ऊस लागणीचं छोटं यंत्र घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बनवलंय, तो तीन वर्षं प्लॉटसाठी अर्ज करतोय. त्याचं यंत्र अजून फारसं खपलेलं नाही, म्हणून कागदावर तो 'पात्र' नाही. लक्ष्मणरावांचा नांगर तरी कुठं खपला होता?

या निवडणुकीत जो उमेदवार दारात येईल त्याला एवढंच विचारा: बाभळीचे प्लॉट परत कधी घेणार, आणि कुणाला देणार? उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये लिहा, नावानिशी छापतो.

आणि हो, कुणाच्या वाड्यात, गोठ्यात जुना किर्लोस्करी नांगर पडून असेल तर फोटो टाका. भंगारात घालू नका.