गिटहबवरचा कोड स्वतःच्या सर्व्हरवर कसा चढतो?

मोबाइलवरचं अ‍ॅप अपडेट करायला एक बटण पुरतं. पण हिशोबाचं वेब अ‍ॅप स्वतःच्याच सर्व्हरवर चालवायचं असेल तर? कोड गिटहबसारख्या साठ्यात, म्हणजे रिपॉझिटरीत असतो. तिथून तो सर्व्हरवर आणून लोकांसाठी सुरू करणं म्हणजे ‘डिप्लॉय’.

याचं उदाहरण मुंबईच्या उपनगरातलंच आहे. घाटकोपरला लागून असलेल्या विद्याविहारची ‘फ्रापे’ ही कंपनी ऋषभ मेहता यांनी २००८ मध्ये सुरू केली. तिचं ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर बिलं, माल आणि खातेवही सांभाळतं. त्याचा कोड खुला आहे. अंधेरी एमआयडीसीतला छोटा कारखानाही तो परवान्याचे पैसे न देता वापरू शकतो.

काम ‘बेंच’ नावाच्या साधनाने होतं. ‘गेट-अ‍ॅप’ आज्ञेला रिपॉझिटरीचा पत्ता दिला की कोड उतरतो. ‘न्यू-साइट’ने मारियाडीबीमध्ये नवा डेटाबेस तयार होतो, ‘इन्स्टॉल-अ‍ॅप’ने अ‍ॅप त्या साइटला जोडलं जातं. पुढे नवा कोड आला की ‘बेंच अपडेट’.

खरी भीती इथेच. अपडेटमध्ये ‘मायग्रेट’ हा टप्पा असतो, तो डेटाबेसच्या तक्त्यांची रचना बदलतो. जुना कोड परत आणणं सोपं, बदललेले तक्ते परत आणायला बॅकअपच लागतो. तो अपडेटआधी आपोआप घेतला जातो खरा, पण राहतो त्याच मशीनवर! २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता. तळमजल्यावरच्या सर्व्हरबरोबर त्यातला बॅकअपही बुडणार. म्हणून प्रत दुसरीकडे हवीच.

आणखी दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. ‘बेंच बॅकअप’ला ‘विथ-फाइल्स’ जोडलं नाही तर अपलोड केलेली बिलं, फोटो त्यात येत नाहीत. आणि साइटच्या कॉन्फिग फाइलमधली एन्क्रिप्शन की जपली नाही तर डेटा परत येतो, पण साठवलेले ईमेलचे पासवर्ड उघडत नाहीत.

एवढा व्याप नको असेल तर ‘फ्रापे क्लाउड’ ही कंपनीची सशुल्क सेवा आहे. तिथे रिपॉझिटरी आणि ब्रँच निवडायची, बाकीचं सेवा पाहते. ती चालवणारं ‘प्रेस’ हे सॉफ्टवेअरही खुलं आहे. ते स्वतः उभारता येतं, मात्र एका दुकानासाठी तो खटाटोप फारच मोठा.