शस्त्रांच्या यादीतले गणित

गणिताच्या धास्तीने पुष्कळ वाचक कूटशास्त्रापासून चार हात लांब राहतात. त्यांनी या विषयात निर्यातबंदीच्या वाटेने यावे, असे मला मनापासून वाटते. कायदा, व्यापार, हेरगिरी आणि प्रोग्रामिंग यांची इथे अशी गाठ पडते की गणिताची गोडी मागाहून आपोआप लागते.

शीतयुद्धाच्या काळापासून अमेरिकेने एन्क्रिप्शन युद्धसामग्रीत धरले होते. तोफा, क्षेपणास्त्रे आणि संदेश गुप्त करणारे सॉफ्टवेअर एकाच यादीत. देशाबाहेर धाडायचे तर परराष्ट्र खात्याचा परवाना हवा. गुपिते लष्कराची आणि वकिलातींची होती तोवर हे खपून गेले. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी पीजीपी हा ईमेल सुरक्षित करणारा प्रोग्राम फुकट वाटला. तो इंटरनेटवरून परदेशी पोहोचला आणि १९९३ पासून झिमरमन यांच्यामागे फौजदारी चौकशीचा ससेमिरा लागला. खटला न भरताच १९९६ च्या जानेवारीत ती बंद झाली.

फिल कार्न या अभियंत्याचे प्रकरण मात्र सावकाश वाचावे. ब्रूस श्नायर यांचा ‘अप्लाइड क्रिप्टोग्राफी’ हा ग्रंथ परदेशी पाठवता येईल का, असे त्यांनी १९९४ मध्ये परराष्ट्र खात्याला विचारले. खुशाल पाठवा, असे उत्तर आले. मग त्याच ग्रंथाच्या शेवटी छापलेला कोड फ्लॉपीवर घालून त्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा फ्लॉपी युद्धसामग्री ठरली. कोड अक्षर न् अक्षर तोच! प्रोग्राम ही वस्तू की लेखन, हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी सरकारपुढे ठेवल्याचे मला आठवत नाही. आपला एन्क्रिप्शनचा कोड प्रसिद्ध करता यावा म्हणून सरकारविरुद्ध कोर्टात गेलेल्या डॅनियल बर्नस्टाइन यांच्या खटल्यात न्यायमूर्ती मॅरिलिन हॉल पटेल यांनी १९९६ मध्ये सोर्स कोडला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण दिले, ते याच प्रश्नाला धरून.

परवाना सहज मिळे तो ४० बिटांच्या किल्लीला, म्हणजे संदेश उलगडणाऱ्या गुप्त आकड्याला. म्हणून नेटस्केप ब्राउझर अमेरिकेत १२८ बिटांचा आणि बाहेर ४० बिटांचा. ४० बिटांत सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या होतात, ऐकायला अफाट. पण १९९५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या एका संशोधकाने इतरांचे रिकामे संगणक कामाला लावून अशी किल्ली आठ दिवसांत हुडकली. आपल्याकडच्या इंटरनेट सेवेच्या परवान्यांतही हीच ४० बिटांची मर्यादा आली, आणि रिझर्व्ह बँक मात्र ऑनलाइन बँकिंगसाठी १२८ बिट मागत होती. ग्राहकाचे पैसे कोणत्या नियमाच्या भरवशावर होते, हे मराठीत कोणीतरी सविस्तर मांडायला हवे.

२००० च्या जानेवारीत अमेरिकेने बंधने बरीच सैल केली. पण निर्यातीसाठी मुद्दाम कमजोर केलेल्या किल्ल्यांची सोय सर्व्हरांत तशीच पडून राहिली. २०१५ मध्ये ‘फ्रीक’ हल्ल्याने तिचाच फायदा घेतला, आणि त्यात अमेरिकेतल्या संकेतस्थळांनाही धोका पोहोचला. ज्यांच्या रक्षणासाठी बंदी घातली, त्यांच्याच दारात ती आली, याचे मला फार वाईट वाटते.

२०१७ मध्ये भारत शस्त्रे आणि तशा तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार करारात सामील झाला. आपल्या निर्यात नियंत्रणाच्या ‘स्कोमेट’ यादीतही आता माहिती-सुरक्षेची कलमे आहेत. पुण्या-मुंबईत बसून सुरक्षा-सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि ते परदेशी विकणाऱ्या तरुणांनी ती वाचायला हवीत. पुढची बरीच पाने त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.