पांघरूण : वेळणेश्वर आणि रत्नागिरीचा किनारा

निजताना, बसल्या जागी किंवा वाटेवर अंगावर घ्यायचे जाड वस्त्र म्हणजे पांघरूण. गोधडी, चादर, घोंगडी, धाबळी, दुलई, रजई आणि हल्लीचे ब्लँकेट ही त्याची रूपे. पांघरुणाचा विचार सहसा थंडीच्या अंगाने होतो : थंडी जितकी कडक तितके पांघरूण जाड. गुहागर तालुक्यातील वेळणेश्वरसारख्या समुद्रकाठच्या गावात हा हिशेब बसत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जानेवारीतले सरासरी किमान तापमानही 18-19 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. देशावर एवढ्याला कोणी थंडी म्हणणार नाही. तरीही इथल्या माजघरात पांघरुणांची चळत असतेच. या पांघरुणांची खरी परीक्षा ओल घेते, असे या नोंदीचे म्हणणे आहे. कोणते वस्त्र घरात राहिले, कोणते वाटेवर गेले आणि कोणते माळ्यावर पडले, हे ओलीचा हिशेब मांडला की उलगडते.

पांघरूण ऊब देते असे आपण म्हणतो, पण ऊब असते अंगाची. पांघरूण ती अडवून धरते, आणि हे काम धाग्यापेक्षा धाग्यांमध्ये कोंडलेली हवा अधिक करते. पाण्यातून उष्णता हवेच्या सुमारे 25 पट सहजपणे वाहते. त्यामुळे हवेच्या पोकळ्यांत पाणी शिरले की जाड पांघरूणही गार लागते. हे पाणी पावसातूनच यायला हवे असे नाही. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि वलणीवरच्या कपड्यांत बसतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळू लागते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तळाशी जे साचते ते हेच. किनाऱ्यावर पावसाळ्याचे चार महिने हवा बहुतेक वेळ या रेषेच्या वर असते. म्हणून समुद्राच्या तोंडावर वाळलेले कापड संध्याकाळी हाताला चिकट लागते. बोलीत याला सादळणे म्हणतात. पापड सादळतो तशी गोधडीही सादळते, एवढेच की पापडाचे मोडल्यावर लगेच कळते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. जुलैच्या रात्री इथे 24 अंशांच्या आसपास तापमान असते. मग पांघरूण हवेच कशाला? उघड्या, निवांत अंगाला जादा उष्णता निर्माण न करता बरे वाटते ते सुमारे 29-30 अंशांच्या हवेत, आणि झोपेत शरीराचे तापमान थोडे उतरते. त्यात कौलांच्या फटींतून शिरणारा वारा अंगावरचा ओलावा उडवतो आणि उडताना अंगाची उष्णता घेऊन जातो. हिवाळ्यात रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो आतल्या मुलखातला गारवा आणतो, आणि पहाटे दव पडते. तेव्हा पांघरूण दोन्ही ऋतूंत लागते, फक्त ते पातळ चालते. जाडीपेक्षा कोरडेपणाला किंमत येते ती इथे.

गोधडी हे या घरांचे मूळ पांघरूण. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक अंथरायची, वर त्यातल्या त्यात धड लुगडे घ्यायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे. धावदोऱ्याच्या दोन ओळींमध्ये थर किंचित फुगून राहतात आणि हवा तिथेच धरली जाते. त्यामुळे फार गच्च शिवलेली गोधडी टिकते जास्त, पण ऊब देते कमी. सुती असल्याने तिचा प्रत्येक थर पाणी पितो. भिजलेली गोधडी एकट्या माणसाला पिळता येत नाही. विहिरीवरच्या डोणीत ती पायांनी तुडवायची, दोघींनी दोन टोके धरून पीळ घालायचा, मग चिऱ्याच्या गडग्यावर पसरून दिवसभर उलटीसुलटी करायची. वरून खडखडीत लागली तरी शिवणीजवळ चिमटीत दाबून बघावे लागते, कारण दोऱ्याने आवळलेल्या जागी मधला थर सर्वांत शेवटी वाळतो. म्हणून गोधड्यांचे धुणे मृग लागायच्या आत, आगोटीच्या बेगमीबरोबर उरकायचे. त्यानंतरचे मोठे धुणे एकदम दसऱ्याच्या सुमारास. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो तिथे मधल्या काळात गोधडी धुणे म्हणजे ती कुजवणे. या चार महिन्यांत तिला चुलीच्या धगीवर धरतात किंवा घडी चुलीजवळ ठेवतात. तिला येणारा धुराचा वास हा त्या कोरडेपणाचा मोबदला होय. सोलापुरी चादरीने गोधडीची ही अडचण बरीच हलकी केली. जकार्ड मागावर विणलेली, भौगोलिक निर्देशांक मिळालेली ही सुती चादर एकपदरी असते. पावसाची उघडीप मिळाली की दिवसभरात वाळते.

घोंगडी मात्र या मातीतली नाही. मेंढीला किनाऱ्यावरचा पाऊस मानवत नाही; रत्नागिरी जिल्ह्याच्या डोंगरउतारांवरचे गवळी धनगर गाई-म्हशी पाळतात. घोंगडीची लोकर घाटावरच्या कोरड्या मुलखातल्या दख्खनी मेंढीची; सूत काढून विणणारे सणगर आणि खुटेकर धनगर; ताण्याला लावायची खळ चिंचोक्याची. देशावरचा माल कुंभार्लीसारख्या घाटांनी चिपळूण बाजूला उतरे, त्यात घोंगडीही उतरे. ज्या पावसात मेंढी जगत नाही त्याच पावसात तिची लोकर माणसाच्या पाठीवर चालते, ही गंमतच म्हणायची. कारण लोकरीच्या घडणीत आहे. तिचा तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी वाफ आत जिरवूनही हाताला ओला लागत नाही, आणि वाफ जिरवताना थोडी उष्णता सोडतो. शिवाय तो जाडाभरडा आणि कुरळा असल्याने भिजला तरी सुती धाग्यासारखा चपटा होऊन बसत नाही. हवेच्या पोकळ्या काही प्रमाणात शाबूत राहतात. भाताच्या लावणीत बायका वाकून काम करत तेव्हा त्यांच्या पाठीवर इरले असे. नांगर किंवा गुरे हाकणारा माणूस घोंगडीची खोळ डोक्यावरून सोडी. दिवसा खोळ, दुपारी बसकर, रात्री पांघरूण : तीच एक घोंगडी.

याविरुद्ध साक्ष खुद्द भाषाच देते. रेंगाळलेल्या कामाला आपण भिजत घोंगडे म्हणतो. लोकर ओलीला इतकी चांगली असती तर हा वाक्प्रचार पडलाच नसता, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे, पण तो वाळण्याबद्दल आहे, उबेबद्दल नाही. पुरते भिजलेले घोंगडे जड होते आणि दिवसेंदिवस वाळत नाही, यात वाद नाही. पण ते भिजे, कारण लोक ते पावसात नेत. भिजत गोधडी असा वाक्प्रचार मराठीत नाही, कारण गोधडी पावसात नेण्याचा वेडेपणा कोणी केला नाही. लोकरीचे खरे वैरी दोन : कसर आणि बुरशी. त्यामुळे किनाऱ्यावर घोंगडी वापरात असेपर्यंतच धड राहिली. पेटीत ठेवली की गेली. सोवळ्यातली धाबळीही या हिशेबात बसते. लोकरीचे वस्त्र सुती वस्त्रासारखे सहज विटाळत नाही, असा शास्त्राचा आधार तिला होता. पण आषाढात धुतलेले सोवळे दोन-दोन दिवस वाळत नाही अशा मुलखात रोज धुवावी न लागणारी धाबळी सोयीची पडली, हेही तितकेच खरे.

प्रवासात हिशेब बदलतो. घरात पांघरूण वाळवायला चूल आणि गडगा असतो. वाटेवर दोन्ही नसतात आणि वजन पाठीवर असते. मुंबईहून येणाऱ्या किनारी बोटी दाभोळ, जयगड अशी बंदरे घेत, तेव्हा डेकवरचा उतारू वळकटी उलगडून निजे. सतरंजीत गुंडाळलेली चादर वा घोंगडी हीच त्याची जागा आणि तेच छप्पर. पडावातून किनाऱ्याला लागताना ती वळकटी डोक्यावर धरायची, कारण ती भिजली तर पुढचा मुक्काम ओला. बोटी गेल्या. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 पासून पूर्ण मार्गावर धावू लागली. वातानुकूलित डब्यात चादर-उशीबरोबर ब्लँकेट रेल्वेचेच मिळू लागल्याने पांघरूण सोबत नेण्याची सवय सुटली. ते किती परक्या व्यवस्थेवर सोपवले आहे हे कळले 2020 च्या मार्चमध्ये. कोविडमुळे ही सोय बंद झाली, ती 2022 च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाली. मधली दोन वर्षे प्रवाशांच्या हाती घरच्या चादरीची वळकटी परत आली.

आता सर्वांत कठीण आक्षेप. ओल हेच माप असेल तर पॉलिएस्टरचे मऊ ब्लँकेट सर्वांवर मात करील, कारण त्याचा धागा स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा घेत नाही. बाजारही तेच सांगतो : पानिपतहून येणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीला हटवले आहे. वाटेवरच्या वापरासाठी हे मान्य करावेच लागेल. हलके, झटकले की निम्मे पाणी गेलेले, कसरीची भीती नाही. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पूर आला. तशा वेळी उन्हाचा पत्ता नसतो आणि गोधडी वाळवणे अशक्यच, तिथे असे ब्लँकेट उपयोगी पडते. पण जो धागा बाहेरची ओल घेत नाही तो आतला घामही घेत नाही. बंद खिडकीच्या दमट खोलीत त्याखाली निजलेला माणूस मध्यरात्री चिकचिकाटाने जागा होतो, ब्लँकेट पायाशी लोटतो आणि पहाटे पुन्हा गारठतो. सुती चादर हा घाम टिपते. म्हणून आज किनाऱ्यावरच्या घरांत ब्लँकेट असूनही अंगाला लागून चादर किंवा गोधडी घेतात आणि ब्लँकेट तिच्यावर. दोन धाग्यांची कामे अशी वाटून दिलेली असतात.

वेळणेश्वरला समुद्रस्नानासाठी येणारा पर्यटक मे महिन्यात, बाहेर अंगाची लाही होत असताना, एसी लावून जाड ब्लँकेटात शिरतो. त्याला हसण्याचे कारण नाही. यंत्र खोलीची हवा गार करताना तिच्यातले पाणीही काढून नळीने बाहेर टाकते. त्या चार भिंतींत ओल नसते, नुसती थंडी असते, आणि जाडीवरून पांघरूण निवडण्याचा देशावरचा नियम गावात तेवढ्याच खोलीत लागू पडतो. दार उघडून तेच ब्लँकेट पडवीतल्या दांडीवर टाकले की तासाभरात त्याला पुन्हा समुद्राचा चिकटपणा येतो.