डायनॅमिक टायपिंग आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेशन : दोन स्वतंत्र संकल्पना

बेळगाव येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या (स्थापना १९९८) अभ्यासक्रमात पायथन आणि जावा या दोन्ही प्रोग्रामिंग भाषा आहेत. बेळगाव-निपाणी भागातील विद्यार्थ्याची त्यावरून अशी समजूत होऊ शकते की, पायथन ‘डायनॅमिक’ आणि जावा ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’, म्हणजे या दोन संकल्पना परस्परविरोधी आहेत. वस्तुतः ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे होत.

पहिला प्रश्न : माहितीचा प्रकार केव्हा तपासायचा? जावामध्ये एखादे चल संख्येसाठी आहे की मजकुरासाठी, हे आधीच ठरते आणि कंपाइलर ते प्रोग्राम चालण्यापूर्वी तपासतो. पायथनमध्ये प्रकार चलाला नव्हे, तर त्यातील मूल्याला असतो. तपासणी प्रोग्राम चालताना होते. यालाच डायनॅमिक टायपिंग म्हणतात.

निपाणीच्या बाजारात तंबाखूच्या दोन पोत्यांचे वजन प्रत्येकी ४० किलो आहे, असे समजू. कीबोर्डवरून घेतलेली नोंद पायथन मजकूर मानतो. तिचे संख्येत रूपांतर न करता बेरीज केल्यास उत्तर ८० नव्हे, ४०४० येते आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. जावामध्ये वजनाचे चल पूर्णांक म्हणून घोषित केले असेल, तर त्यात मजकूर भरणारा प्रोग्राम कंपाइलच होत नाही.

दुसरा प्रश्न : प्रोग्रामची रचना कशी करायची? पोत्याचे वजन, दर आणि किंमत काढण्याची रीत एकाच घटकात बांधणे, हे ऑब्जेक्ट ओरिएंटेशन. ही सोय जावाप्रमाणे पायथनमध्येही आहे. पायथनमध्ये तर प्रत्येक मूल्य ऑब्जेक्टच असते.

इतिहासात चारही जोड्या आढळतात. नॉर्वेतील सिम्युला ६७ मध्ये ऑब्जेक्ट होते, पण प्रकार आधी ठरत. १९७० च्या दशकात ॲलन के व सहकाऱ्यांनी घडवलेली स्मॉलटॉक पूर्णतः ऑब्जेक्ट ओरिएंटेड असूनही डायनॅमिक होती. मूळची लिस्प (१९५८) डायनॅमिक, पण ऑब्जेक्टविना. तर सी भाषेत प्रकार आधी ठरतात, मात्र ऑब्जेक्टची सोय नाही.

पायथनच्या ३.५ या आवृत्तीत २०१५ साली प्रकार नोंदवण्याची प्रमाणित पद्धत आली. तथापि, प्रोग्राम चालवताना पायथन त्या नोंदी तपासत नाही. त्यासाठी स्वतंत्र साधन वापरावे लागते. म्हणून भाषा निवडताना चूक केव्हा लक्षात यायला हवी आणि रचना कशी हवी, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारणे श्रेयस्कर.