एरंडेल पिणारा उंट

सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाने पहिल्या महायुद्धात किती जर्मन विमानं पाडली, याच्या कथा भरपूर सापडतात. स्वतःच्याच पायलटांचं त्याने काय केलं, हे मात्र बहुतेकदा तळटिपेत असतं. नेहमी दिला जाणारा आकडा असा: कॅमल उडवणारे ४१३ पायलट लढाईत गेले आणि ३८५ लढाईशिवाय. म्हणजे प्रशिक्षणात, टेकऑफला, साधं वळण घेताना. जवळजवळ निम्मे, आणि तेही शत्रूने एक गोळी न झाडता.

गेले काही महिने ऑफिस संपल्यावर मी या विमानाचं १:१६ मॉडेल बनवतोय. मूळ पंखांची रुंदी ८.५३ मीटर, माझ्या टेबलावर ती ५३ सेंटिमीटर होते. लांबी साधारण ३६. डाव्या बाजूला कापड चढवायचं, उजवी बाजू उघडी ठेवायची, असं पहिल्याच दिवशी ठरवलं. कापडाखालचा लाकडी सांगाडा दिसला पाहिजे, कारण त्या ३८५ जणांचं उत्तर तिथेच आहे.

आधी एक गंमत. भरलेल्या कॅमलचं वजन साधारण ६५९ किलो. लांबी १६ पट कमी केली की आकारमान १६ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे ४०९६ पट कमी होतं. त्या हिशोबाने मॉडेलचं ‘खरं’ वजन १६१ ग्रॅम भरायला हवं. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय तो बहुधा याहून जड असेल. एवढ्या हलक्या वस्तूत माणूस, पेट्रोल, इंजिन आणि दोन मशिनगन कशा मावतात, हे पंख जोडायला घेतल्यावर कळतं. एकटा पंख बोटांत धरला की वाकतो. वरचा आणि खालचा पंख खांबांनी जोडून मध्ये तिरप्या तारा ताणल्या की तोच पंख ताठ होतो. रेल्वेचा जाळीदार लोखंडी पूल असतो ना, अगदी तेच तत्त्व. दोन पंख हवेत तरंगायला लागतातच असं नाही, पण हलक्या लाकडात पूल बांधायचा तर वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू लागतात.

या ताराच मॉडेलवाल्यांचा जीव घेतात. एक मिलिमीटरची तार लावली तर मूळ विमानात ती १६ मिलिमीटरचा गज झाली असती. म्हणून ०.३ मिलिमीटरची लवचिक दोरी, चिमटा आणि संयम. उड्डाणाचा भार घेणाऱ्या तारा जोडीने होत्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. बॅकअपची ही कल्पना आमच्या क्षेत्राने शोधलेली नाही, एवढं नक्की.

पंखांचा कोनही बघण्यासारखा आहे. वरचा पंख सरळसोट, खालचा मात्र टोकांकडे पाच अंशांनी वर उचललेला. आधी दोन्ही पंखांना थोडा थोडा उचल देणार होते. वरचा सरळ ठेवला तर कारखान्यात बनवायला सोपा, म्हणून त्याचा कोन काढला आणि खालच्याचा दुप्पट केला. डेडलाइनपुढे डिझाइन वाकतं ते असं. पण त्याचमुळे कॅमल लांबूनही ओळखू येतं. सुमारे ५,५०० विमानं बनली.

आता त्या आकड्याकडे. सांगाडा उघडा असला की दिसतं: इंजिन, मशिनगन, पायलट, पेट्रोलच्या टाक्या, सगळं पुढच्या सात-एक फुटांत कोंबलेलं. मागे नुसती लाकडी चौकट आणि शेपूट. मशिनगनच्या मागच्या भागावर जे झाकण होतं त्याचा उंचवटा वशिंडासारखा दिसायचा, त्यावरूनच ‘कॅमल’ हे नाव पडलं. वजन असं एकवटलं की विमान भिंगरीसारखं वळतं.

त्यात इंजिन रोटरी. तुमच्या बाइकचं इंजिन जागेवर असतं आणि आतला क्रँकशाफ्ट फिरतो. इथे उलटं. क्रँकशाफ्ट विमानाला पक्का, आणि नऊ सिलिंडरसकट अख्खं इंजिन प्रोपेलरबरोबर गरगर फिरणार, मिनिटाला बाराशेहून जास्त फेरे. सायकलचं सुटं चाक आसाला दोन्ही हातांनी धरा, कोणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि मग वळवून बघा. चाक भलतीकडेच झुकतं. कॅमल उजवीकडे वळवलं की नाक खाली जायचं, डावीकडे वळवलं की वर. उजवं वळण इतकं झटपट व्हायचं की मागे लागलेला शत्रू चुकायचा. तेच वळण नवख्याने जमिनीजवळ घेतलं तर विमान गिरक्या घेत खाली. टेकऑफनंतर पेट्रोलचं मिश्रण वेळेत कमी करायचं राहिलं तर इंजिन गुदमरून बंद पडायचं, आणि पुढचं तेच. ज्याने जीव वाचायचा आणि ज्याने जायचा, तो गुण एकच होता. बग वेगळा काढून दुरुस्त करायची सोयच नव्हती.

वंगण म्हणून या इंजिनात चक्क एरंडेल घालत. रोटरीत पेट्रोलचं मिश्रण इंजिनाच्या पोटातूनच जातं, तिथे खनिज तेल धुऊन निघालं असतं. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. पण वापरलेलं तेल परत टाकीत येत नसे, ते बाहेर फवारलं जाई. पंखांवर, पोटाखाली, पायलटच्या चष्म्यावर आणि नाकातोंडात. लहानपणी सुट्टीत ज्यांना एरंडेल पाजलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मॉडेलवर हे डाग पातळ तपकिरी रंगाच्या थरांनी येतात. हिरवट-तपकिरी मूळ रंग नक्की कसा होता यावर मॉडेलवाले हमरीतुमरीवर येतात. मी त्यात पडत नाही. तेलाचे डाग बरोबर जागी असले की मला पुरे.

या फवाऱ्यात बसलेल्यांपैकी एक होते हरदित सिंग मलिक. जन्म १८९४, रावळपिंडी. ऑक्सफर्डला शिकलेले, ससेक्सकडून क्रिकेट खेळलेले. हिंदी माणसाला पायलट अधिकारी म्हणून घ्यायला ब्रिटिश तयार नव्हते, म्हणून ते फ्रान्समध्ये रेडक्रॉसची अँब्युलन्स चालवू लागले. फ्रेंच हवाई दल त्यांना घ्यायला तयार झालं. त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी थेट जनरल हेंडरसनना पत्र लिहिलं, तेव्हा कुठे १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरचं दार उघडलं. पगडी काढायला मलिकांनी नकार दिला. पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट त्यांनी बनवून घेतलं.

२६ ऑक्टोबर १९१७. हवा खराब. कॅप्टन विल्यम बार्करबरोबर २८ स्क्वाड्रनचे मोजके कॅमल निघाले, त्यात मलिक. जर्मन विमानांनी घेरलं, मलिकांच्या पायात गोळ्या घुसल्या, तरी त्यांनी विमान कसंबसं खाली आणलं. विमानावर चारशेहून जास्त गोळ्यांच्या खुणा होत्या असं सांगतात. मलिक बरे होऊन परत उडू लागले. शेवटी त्यांना कॅमल सोडावं लागलं ते एरंडेलाची ॲलर्जी निघाली म्हणून. पुढे त्यांना ब्रिस्टल फायटर मिळालं. त्याचं इंजिन रोटरी नव्हतं.

बाजारात या काळातले जे तयार पायलट मिळतात, ते सगळे चामड्याची घट्ट टोपी घातलेले. म्हणून मलिकांचं डोकं मी इपॉक्सी पुटीने वेगळं घडवलंय. वेताच्या खुर्चीवर बसवून मोजलं. हेल्मेटपासून मशिनगनच्या मागच्या टोकापर्यंत मॉडेलमध्ये जेमतेम दोन सेंटिमीटर उरतात. पाठीमागच्या पेट्रोलच्या टाकीपर्यंत त्याहून कमी.